व्याही, विहीणबाई आणि प्रादोतलं कोकरू

नाही, पण मला एक सांगा, चित्रं बघायला नवे बूट कशाला लागतात? चित्रं काय पायानं बघायची असतात? पण आमच्या बायकोनं, बिसीनं, आदल्या दिवशी बूट आणले, काळे, कडक, पुढे निमुळते, आणि म्हणाली, "उद्या हे घाल. मुलीचे सासू-सासरे यायचेत. तुझे ते शिंतोडे उडालेले बूट घालून प्रादोत आलास तर लोक समजतील भिंत रंगवायला आलाय." म्हटलं, बाई गं, मी चाळीस वर्षं लोकांच्या भिंतीच रंगवल्या, मग लोकांनी दुसरं काय समजायचं, की मी तिथला राजा आहे? हे मनात म्हटलं हां. तोंडानं मी काही बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, सातुर्निनो, तू जन्मापासून माद्रिदचा, काराबान्चेलमध्ये वाढलास, आणि त्रेसष्ट वर्षांत एकदा प्रादोच्या चित्रसंग्रहालयात गेला नाहीस? नाही गेलो. तुम्ही गेला होता? शाळेतनं रांगेनं नेलं होतं ते सोडा. बसमधून हजारदा बघितलंय मी, बाहेरून काम चांगलं दिसतं, मला वाटायचं आतूनही असेल, उगाच तपासायला कशाला जा?

तर झालं असं, की आमची नूरिया शाळेत गाणं शिकवते, आणि त्याच शाळेत गणित शिकवणारा अल्बारो म्हणून एक पोरगा आहे, उंच, भला, जेवताना बोलत नाही, म्हणजे चांगला. त्यांचं ठरलं. मे महिन्यात लग्न. आता दोन घरांची पहिली भेट, तर जगात माणसं अशा वेळी काय करतात? जेवायला बसतात. एकमेकांच्या ताटात डोकावतात, वाइन ओततात, तिसऱ्या पेल्याला समजतं व्याही कसा आहे ते. पण अल्बारोची आई, कासिल्दाबाई, वायादोलिदला छत्तीस वर्षं शाळेत कलेचा इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा निरोप आला, आधी प्रादो, मग जेवण. सकाळी अकरा वाजता. का, तर म्हणे चित्र चांगलं असलं की भूक लागत नाही. कुणाला?

आणि शुक्रवारी रात्री लेकीचा फोन. "पप्पा, ऐक नीट. भिंतींबद्दल बोलायचं नाही. ओल, पोपडे, भेगांत भरायची लांबी, अस्तराचा हात, काही नाही. फ्रेमला पॉलिश कुठलं मारलंय ते विचारायचं नाही."

म्हटलं, "मग बोलू काय?"

"काहीच नको. विचारलंच तर 'प्रकाश' म्हण."

"कसला प्रकाश?"

"नुसतं प्रकाश. चित्रासमोर उभं राहायचं, मान जरा तिरकी करायची आणि म्हणायचं, 'हा प्रकाश...' पुढं थांबायचं. त्यांना वाटेल तुला शब्द सुचत नाहीत."

"मला खरंच सुचणार नाहीत."

"मग झालंच की," म्हणाली. पण शेवटी आवाज जरा बारीक झाला तिचा. "पप्पा, ती माणसं शिकलेली आहेत रे. मला त्या घरात जायचंय." आता असं म्हटल्यावर बाप काय करणार? मी काही बोललो नाही.

गेलो. दारात सगळे उभे. कासिल्दाबाई बारीक, ताठ, पांढरे केस कापलेले, हातात चार घड्यांचा कागद, त्यावर कुठल्या दालनानंतर कुठलं दालन ते लिहिलेलं. शेजारी व्याही, लेआंद्रो, सगळे मानानं डॉन लेआंद्रो म्हणतात, वायादोलिदचे जुने नोटरी, टाय, पांढरी मिशी, आणि बाईंनी त्यांचं कोपर धरलेलं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं कोपर धरून चालणारी बाई! बिसीनं मला ढोसलं, "बघ. शिक जरा." व्याह्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझ्या कानाच्या जरा पलीकडं बघत म्हणाले, "फार आनंद झाला." म्हटलं नोटरी आहेत, सवय असेल, माणसापेक्षा माणसाच्या मागं काय आहे ते बघायची.

आत शिरलो आणि बाई सुरू झाल्या. तुम्हाला सांगतो, मी रेडिओवर फुटबॉलचं वर्णन ऐकलंय, तो माणूस तरी गोल झाल्यावर श्वास घेतो. "हे पाहा, डावीकडे खाली पांढरा घोडा. पुढचा पाय उचललेला. वर आकाश, निळं, पण मळकट निळं, पाऊस येऊन गेल्यासारखं. उजवीकडे माणूस, लाल पट्टा, टोपी हातात." अहो, घोडा दिसतोय की आम्हाला, चांगला बैलगाडीएवढा आहे, घोडा आहे हे सांगायला छत्तीस वर्षांचा अनुभव कशाला पाहिजे? पण त्या थांबेनात. प्रत्येक चित्राला डावीकडे काय, उजवीकडे काय, कुत्रा कुठं झोपलाय, कुणाचा पाय कुठं आहे. आणि बूट चावायला लागलेले. मी काही बोललो नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या, वर्गात शेवटच्या बाकाकडे वळतात तशा. "सातुर्निनो, तुम्हाला यात काय दिसतं?"

मी मान तिरकी केली आणि म्हणालो, "हा प्रकाश..." आणि त्याच क्षणी, तुम्हाला सांगतो, माझ्या उजव्या बाजूनं डॉन लेआंद्रोही म्हणाले, "प्रकाश..." दोघं एकदम. कासिल्दाबाई खूश. नूरियानं मागून माझा दंड दाबला. मला वाटलं, चला, जमलं, नोटरीची आणि माझी मतं जुळतात.

मग ती छोट्या राजकन्येची मोठी तसबीर, तुम्हाला माहीत असेल, जिच्यासमोर मेंढरांसारखी गर्दी असते. त्यात कोपऱ्यात चित्रकारानं स्वतःलाच काढलंय, ब्रश हातात घेऊन, छातीवर पदक. आता मी साडेतीनशे घरं रंगवलीत, एकाच्या तरी बैठकीत स्वतःला काढलं का? काढलं असतं तर गिऱ्हाईक काय म्हणालं असतं? हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण लेक बघत होती. "प्रकाश," म्हणालो. "प्रकाश," डॉन लेआंद्रो म्हणाले.

पुढं एक चित्र आलं काळंकुट्ट. तळघरात दिवा गेल्यावर दिसतं तसं. बाई म्हणाल्या, "आणि इथं, सातुर्निनो?" आता शब्द एकच पाठ केलेला, दुसरा आणू कुठून? म्हणालो, "प्रकाश..."

"इथं? प्रकाश?"

"नाहीये," म्हणालो. "तेच म्हणतोय मी. नाहीये."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग डोळे बारीक करून, हळू आवाजात अल्बारोला म्हणाल्या, "तुझे सासरे फार कमी बोलतात, पण बोलतात ते मोजकं."

त्यानंतर आल्या त्या तीन बायका. उघड्या, गुबगुबीत, एकमेकींचे हात धरून. बिसीनं छत बघायला सुरुवात केली, छत चांगलं आहे त्यांचं. आणि कासिल्दाबाई तिथंही तशाच, "उजवीकडची पाठमोरी, केस सोनेरी, वर बांधलेले, कमरेपाशी मांसाला घडी..." मी कुठं बघू? डॉन लेआंद्रो मात्र डोळे मिटून शांतपणे ऐकत होते. बिसी माझ्या कानात म्हणाली, "बघ, सभ्य माणूस नजर कशी राखतो. नाहीतर तू." मी काही बोललो नाही.

साडेबारा झाले. डॉन लेआंद्रो म्हणाले, "मी जरा हात धुऊन येतो," आणि गेले. पाच मिनिटं, दहा, पंधरा. बाईंचं वर्णन पहिल्यांदाच अडखळलं. एका संताच्या दाढीत त्या मधेच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "सातुर्निनो, बघून याल जरा?" मला काय, तेवढीच सुटका. बाथरूममध्ये बघितलं, नाहीत. शेजारच्या बायकांच्या बाथरूमच्या दारात दोन बाया कुणावर तरी संतापून बोलत होत्या, "सांगितलं तरी आत, आणि वर म्हणतो माफ करा मॅडम, जिना कुठंय." तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. आता येतंय.

सापडले ते एका लहानशा दालनात. तिथं गर्दी नाही, एक छोटं चित्र, आणि हे त्याच्यावर इतके वाकलेले की पहारेकरीण, दक्षिणेतल्या कादिसकडची असावी, शेवटची अक्षरं गिळत होती, तिसऱ्यांदा सांगत होती, "मागं व्हा साहेब, नाक लागेल." मी शेजारी जाऊन उभा राहिलो. डॉन लेआंद्रोंना माझी चाहूल लागली. सावरले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय सुंदर काढलाय हा पाव."

मी चित्राकडे बघितलं. परत बघितलं. कोकरू होतं. चारी पाय एकत्र बांधलेलं, टेबलावर आडवं पडलेलं कोकरू.

आता विनोद करायला केवढी जागा होती बघा. पण मला एकदम माझाच दंतवैद्य आठवला. म्हणजे दोन वर्षांपूर्वी मी एका दंतवैद्याचा दवाखाना पांढरा रंगवला, दोन हात मारून, घोटून, आणि तो आला आणि म्हणाला, सातुर्निनो, मी पांढरा सांगितला होता, हा तर लोण्याचा रंग आहे, माझ्या पेशंटांना वाटेल भिंतीलाही कीड लागलीय. मी त्याच्याशी भांडलो. रंगाऱ्याला रंग शिकवतोस? घरी येऊन बिसीशी भांडलो. आणि मग कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला सगळं जगच चहा सांडल्यासारखं दिसत होतं.

म्हणून मी विचारलं, "डॉन लेआंद्रो, दिव्याभोवती कडं दिसतं का तुम्हाला?"

ते परत चित्राकडं वळले. मग म्हणाले, "कोकरू आहे का हे?"

"हो."

"मला वाटलंच पावाला पाय का असतील." आणि बाकावर बसले. मी पण बसलो, आधीच पाय सुजलेले. मग त्यांनी सगळं सांगितलं, सही करायच्या आधी कागद वाचून दाखवतात तशा आवाजात. दोन वर्षं झाली. पेपर वाचायचं सोडलं, सांगितलं कंटाळा येतो. गाडी सोडली, सांगितलं पाठ दुखते. डॉक्टरकडे गेले नाहीत. "माझी आई आंधळी होऊन गेली, सातुर्निनो. शेवटी ती माझा चेहरा हातानं चाचपून बघायची. जोवर डॉक्टरकडे जात नाही, तोवर मला काही झालेलं नाही." आणि मग म्हणाले, "कासिल्दाला सांगू नका. ती चित्रांवर जगते. तिला वाटतं आम्ही दोघं मिळून बघतो. आणि बिचारी अलीकडं किती बोलते, ऐकलंत ना? डावीकडे हे, उजवीकडे ते. पूर्वी अशी नव्हती. वयानं डोक्यावर थोडा परिणाम झालाय असं मला वाटतं. मी ऐकून घेतो. लग्न पार पडू दे, मग बघू. शब्द द्या."

दिला शब्द. काय करू? मग त्यांनी हळूच विचारलं, "कसं आहे ते? कोकरू?"

आता मला प्रकाश-बिकाश काही आठवेना. जे दिसत होतं ते सांगितलं. म्हटलं, मागची भिंत काळी आहे, पण चांगली काळी, पोपडा नाही कुठं. टेबल करड्या रंगाचं. कोकरू पांढरं, पण पांढऱ्यात गेरू आहे, राखाडी आहे, पोटाकडं लोकर दमट वाटते, दव पडलेल्या गवतात लोळल्यासारखी. दोरी साधी, सुतळी, दोन वेढे, गाठ घाईत मारलेली नाही, रोज गाठी मारणाऱ्याची आहे. शिंगं अजून लहान. आणि ओरडत नाहीये. सुटायला धडपडत नाहीये. डोळा अर्धा उघडा आहे. थकलंय, बस.

डॉन लेआंद्रो डोळे मिटून बसलेले. मागून पहारेकरीण म्हणाली, "नऊ वर्षं उभी आहे मी इथं. दोन वेढे आहेत हे आज कळलं." आणि व्याही म्हणाले, "आता अहो-जाहो पुरे झालं. तू म्हण मला."

उठलो. त्यांचं कोपर मी धरलं, आता समजलं ना कोपर कशाला असतं ते, आणि दारात बघतो तर कासिल्दाबाई. त्या लेआंद्रोला म्हणाल्या, "मुलं पुढं गेलीत, बिसीही तिथंच आहे, या सरळ दालनातून जा, कुठं पायरी नाही," आणि मला मागं थांबवलं. थेट बोलल्या, "मी दारातच होते. त्यांना दिसत नाही, मला माहीत आहे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. अभिमानी माणूस आहे, कळलं तर मोडून पडेल. तुम्ही शब्द द्या मला."

मी म्हटलं, "म्हणजे तो घोडा, तो कुत्रा, त्या... तीन..."

"तुम्हाला वाटतं मला बडबडायची हौस आहे?" बाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं बोलले मी, सातुर्निनो. मला चित्रासमोर गप्प उभं राहायला आवडतं. दोन वर्षं झाली, एक चित्र मी गप्प राहून बघितलेलं नाही."

दिला शब्द. दुसरा. वीस मिनिटांत दोन शब्द, दोघांचे उलटसुलट, आणि मधे मी, निमुळत्या बुटात.

तीन वाजता जेवायला बसलो. तीन. सकाळी एक कॉफी प्यायलेला माणूस मी. वेटरनं मेनू दिला. लेआंद्रोनं तो हातात घेतला, ऐटीत, आणि म्हणाला, "वा, भरपूर आहे की." आणि कासिल्दाबाई लगेच, त्याच आवाजात, "डाव्या पानावर, वरच्या बाजूला, मसुराचं सूप. त्याखाली चण्याचं. उजव्या पानावर मासे, पहिला कॉड, टोमॅटोत..." वेटर बघतोय. शेजारचं टेबल बघतंय. अल्बारो मान खाली घालून, त्याला वाटत असेल आईचं खरंच बिघडलंय. लेआंद्रो माझ्याकडं, म्हणजे माझ्या कानाकडं, दुःखानं बघतोय, बघ, म्हणालो नव्हतो, वयानं झालंय. आणि बाई माझ्याकडं बघतायत, बघा, किती अभिमानी. नूरिया मला डोळ्यांनी विनवतेय, पप्पा, काही बोलू नकोस.

आणि तुम्हाला सांगतो, मी बोललो.

म्हटलं, "लेआंद्रो, तिला माहीत आहे. विहीणबाई, यानं मला सगळं सांगितलंय. तो तुम्हाला फसवतोय, तुम्ही त्याला फसवताय, आणि मसुराचं सूप अजून माझ्यापर्यंत आलेलं नाही. मोतीबिंदू असणार, दुसरं काही नाही. मला झाला होता. मी अख्खा दवाखाना लोण्याच्या रंगात रंगवला. वीस मिनिटांचं काम आहे, नंतर रस आणि बिस्किट देतात. तुझ्या आईच्या काळात हे नव्हतं. आता आहे. आणि नसला मोतीबिंदू, दुसरं काही निघालं, तर ही बाई आहे ना बोलायला."

सगळं टेबल गार. बिसीनं माझ्या नव्या बुटावर तिची टाच ठेवली, आधीच फोड आलेल्या जागेवर. नूरियाचा चेहरा टेबलक्लॉथसारखा झाला होता. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न, सूप यायच्या आत.

कासिल्दाबाईंनी मेनू मिटला. "दोन वर्षं," म्हणाल्या. "दोन वर्षं मी तुला हॉटेलांचे मेनू वाचून दाखवतेय, लेआंद्रो."

लेआंद्रो म्हणाला, "मला वाटलं तुला म्हातारपण लागलंय."

"मला?"

"हो ना... मी आपलं ऐकून घेत होतो. तुला वाईट वाटू नये म्हणून."

बाईंनी नॅपकिन उचलला आणि त्याच्या खांद्यावर मारला. मग त्याच नॅपकिनात तोंड घालून रडल्या. मग लेआंद्रोनं हात पुढं केला, आधी मिठाची बाटली लागली, मग तिचा हात सापडला. आणि त्यानंतर ती बाई जेवण संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. इतकी सुखानं गप्प बसलेली बाई मी जन्मात बघितली नाही. मधेच एकदा माझ्या ताटात स्वतःच्या ताटातलं सॉसेज वाढलं. नूरिया उठून आली आणि माझ्या टकलावर ओठ टेकवून परत जागेवर बसली.

मोतीबिंदूच निघाला. जानेवारीत एक डोळा, फेब्रुवारीत दुसरा. रस दिला, बिस्किटही दिलं. पट्टी सोडली तेव्हा त्यानं पहिल्यांदा बायकोकडं बघितलं आणि म्हणाला, "केस कधी कापलेस?" सगळं छान झालं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं ऐकून. इथंच थांबलं असतं तर काय बिघडलं असतं?

मार्चमध्ये फोन. "सातुर्निनो, आमच्या जेवणघराच्या भिंती कुठल्या रंगाच्या आहेत तुला माहीत आहे? मी पांढऱ्या समजत होतो. आणि बैठकीच्या? आणि जिन्यात केवढा पोपडा लोंबतोय, मला कुणी सांगितलं का नाही?" मागून कासिल्दाबाईंचा आवाज, "लग्नाला पाहुणे यायचेत म्हणावं, आणि घरचा माणूस असताना बाहेरचा रंगारी कशाला?" घरचा माणूस. मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालोय, शिडी भाच्याला देऊन टाकली होती, ती परत मागून आणली. वायादोलिदचं जुनं घर, अकरा खोल्या, छत चार मीटर. बिसी म्हणाली, जा, मुलीच्या सासरचं काम आहे.

तर तीन आठवडे झाले, मी शिडीवर आहे. आणि खाली हा माणूस खुर्ची टाकून बसलेला, नवे कोरे डोळे घेऊन, घारीसारखा. "सातुर्निनो, डावीकडे, वर, कोपऱ्यात, बोटभर जागा सुटलीय. ब्रशचा केस चिकटलाय बघ तिथं. दुसरा हात जरा पातळ बसलाय का रे?" अहो, चाळीस वर्षांत मला एका गिऱ्हाइकानं कधी ब्रशचा केस दाखवला नाही. गिऱ्हाइकाला नीट दिसत नाही यावरच तर रंगाऱ्याचं पोट चालतं, आणि मी शहाणा, एकाचे स्वतःच्या हातानं डोळे दुरुस्त करून आणले.